माथेरान : पॉइंट नकोत, रान हवं (एका दिवसात)

लालबागची_लेक
मंडळी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन माथेरानला जायचंय. मुक्काम नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बाबा ७१ वर्षांचे, गिरणीतून निवृत्त. गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालतात. १९७९ साली खात्याच्या सहलीबरोबर ते एकदा माथेरानला गेले होते. तेव्हा अडतीसातले वीस पॉइंट एका दिवसात पळवले म्हणे, आणि त्यांच्या लक्षात काय राहिलं, तर एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारलेली "ती मोठी तांबडी खार". तेवढी परत बघायचीय.
तेव्हा पॉइंट, घोडा, चिक्की, चपला सोडून बोला. झाडं, पक्षी, शेकरू. एका दिवसात काय जमेल? कुठे बसावं, कधी पोचावं? जुना धागा शोधला, त्यात सगळी हॉटेलंच आहेत.

शेलू_लोकल
रुमाल टाकून ठेवतो. वृत्तांत लिहाच.

कुटूरगा
ताई, प्रश्न आवडला. सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, खालून मिनी ट्रेनने जायचा मोह टाळा. १९०७ ची गाडी आहे, मलाही प्रिय आहे. पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख खर्चून बांधली वगैरे सगळं खरं. पण नेरळहून वर जायला तिला दोन तासांच्या वर लागतात आणि तेवढ्यात तुमची सकाळ संपते. शेकरू सकाळी आणि दुपार कलल्यावर हिंडतं. भर दुपारी फांदीवर पोट टेकून पसरलेलं असतं, खालून दिसत नाही. म्हणून पहाटेची कर्जत लोकल, नेरळला शेअर टॅक्सी, दस्तुरी नाका (मोटारी तिथपर्यंतच). तिथून अमन लॉज स्टेशन चार पावलांवर आहे, तिथून गावापर्यंतची शटल (तीच छोटी गाडी) मिळाली तर बाबांचे अडीच-तीन किलोमीटर वाचतील.

दुसरी गोष्ट, बाजारात थांबू नका. नाश्ता करा नि थेट शार्लोट तलावाच्या वाटेला लागा. गावाला पिण्याचं पाणी या तलावातूनही येतं. काठाशी पिसरनाथाचं देऊळ आहे. इथली झाडी दाट आणि उंच. अंजनी, जांभूळ, हिरडा, मधेमधे आंबा. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि शेकराला तेच हवं असतं, कारण ते जमिनीवर सहसा उतरत नाही. वीसेक फुटांची उडी सहज मारतं. जिथे छत तुटलं तिथे त्याचा रस्ता तुटला.

तिसरी गोष्ट, शेकरू डोळ्याने शोधू नका, कानाने शोधा. दगडावर दगड घासत जावा तसा खडखडाट वरून आला की मान वर करायची. घरटीही शोधा. उंच दुबेळक्यात पानाकाड्यांचा फुटबॉलएवढा किंवा त्याहून मोठा गोळा दिसेल. एकाच शेकराची अशी बरीच घरटी असतात, तेव्हा रिकामं दिसलं म्हणून हिरमुसू नका.

मुलुंडची_आज्जी
कुटूरगांना मोदक. फक्त एक भर. मार्चमधे अंजनी फुललेली असू शकते. जुन्या, पानं नसलेल्या काटक्यांना जांभळ्या-निळ्या बुंदीचे झुबके लगडतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी रंग सांडलाय. लाकूड इतकं कठीण की आमच्या माहेरी रायगडात मुसळाला हेच वापरत.

घाटमाथा
एका दिवसासाठी नेरळपर्यंत कशाला? बोरिवलीला नॅशनल पार्क आहे की. १०३ चौरस किलोमीटर, बिबट्यासकट. लोकलचं तिकीट वीस रुपयांच्या आत.

लालबागची_लेक
घाटमाथा, पार्कात आम्ही पंधरा वेळा गेलोय. बाबांना *ती* खार हवीय.

घाटमाथा
मग वन ट्री हिलने चढा, खरं जंगल तिथे आहे. मॅलेट साहेब १८५० मधे चौककडून चढला तो त्याच अंगाने.

शेलू_लोकल
घाटमाथा, गुडघे कुरकुरतात हे वाचलंत का? 😀

घाटमाथा
वाचलं. साहेब ठाण्याचा कलेक्टर होता, त्याचेही कुरकुरत असतील.

पावसाळी_बेडूक
जाता जाता, हा धागा पुढे पावसाळ्यात कुणी वर काढलाच तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. वन ट्री हिल, गार्बट, शिवाजी लॅडर या वाटा जून ते सप्टेंबर माहितगाराशिवाय करू नयेत. माथेरानच्या डोक्यावर जांभा आहे, खाली काळा पाषाण. जांभा स्पंजासारखा, पाणी पितो. ते पाणी खालच्या दगडाला अडलं की कड्याच्या अंगाने झरे फुटतात. दिसायला सुंदर, पण कडेची माती त्याच पाण्याने सुटते. समोरच इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीचं दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्याचे सल्ले कृपया इथे देऊ नका, तो गुन्हा आहे.

नेरळचा_भाचा
मी खालचाच. दोन गोष्टी. माकडं आणि वानरं यांत फरक करा. काळ्या तोंडाची लांब शेपटीची वानरं बहुतेक आपल्या नादात असतात. लाल तोंडाची माकडं पिशवीच्या नादात. प्लास्टिकचा कर्रकर्र आवाज झाला की संपलं. खाणं डब्यात न्या, डबा सॅकमधे, सॅक पोटाशी. आणि वेफर्स देऊन फोटो काढणाऱ्यांना हटका. त्यांच्यामुळेच ती अशी झालीयेत.
दुसरं, बाबांना वर चालायचं नसेल तर दस्तुरीहून ई-रिक्षा आहेत, गावापर्यंत येतात. पुढे पायी किंवा घोडा.

कॉंक्रीटप्रेमी
ई-रिक्षा आणि पेव्हर ब्लॉक आल्यापासून माथेरान संपलं. लाल मातीचा रस्ता हीच त्याची ओळख होती.

नेरळचा_भाचा
वर हातरिक्षा ओढणाऱ्याला विचारा ओळख काय ते. माझा मामा ओढायचा, दोन माणसं बसवून, चढाला. छातीत पाणी व्हायचं त्याच्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मधे सांगितलं की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. फार उशिरा सांगितलं एवढंच म्हणेन. मातीचं म्हणाल तर दर पावसाळ्यात टापांनी उकरलेली माती वाहून दरीत जाते, झाडांची मुळं हातभर उघडी पडलीयेत. जाऊन बघा.

कॉंक्रीटप्रेमी
पण ब्लॉकवर घोडे घसरतात त्याचं काय? घोडेवाल्यांचं पोट नाही का?

नेरळचा_भाचा
आहे ना. म्हणून तर सोपं नाही. दुसरा मामा घोडेवाला आहे. दिवाळीला दोघं एका ताटावर बसत नाहीत.

मुलुंडची_आज्जी
धाग्याचं काश्मीर करू नका रे बाळांनो. तिला खार बघायचीय.

कुटूरगा
अवांतर संपलं असेल तर पक्ष्यांबद्दल सांगतो. मार्चमधे दिवसभर 'कुटूर-कुटूर-कुटूर' ऐकू येईल, तेच माझं नाव. हिरवा, जाड चोचीचा, पानांत बसला की दिसत नाही. वीस मिनिटं त्याला शोधण्यात घालवू नका, मी वीस वर्षं घालवलीत. स्वर्गीय नर्तक मिळू शकेल, पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी. जमिनीवर पाचोळा उलटत असेल तो नारिंगी डोक्याचा कस्तुर. टकाचोर तर दिसेलच, वेगवेगळ्या आवाजांत भांडत असतो. शीळकरी कस्तुराची मात्र आशा ठेवू नका. तो असतो तिथेच, पण त्याची ती लहान मुलाने वाट चुकून शीळ वाजवल्यासारखी लांबण पाऊस जवळ आला की लागते. त्यासाठी जूनमधे पुन्हा यावं लागेल.

लालबागची_लेक
सगळ्यांचे आभार. डबा, सॅक, पोटाशी. लक्षात ठेवते.

---

लालबागची_लेक
वृत्तांत. काल जाऊन आलो. उशीर झाला लिहायला कारण पाय अजून बोलतायत. बाबांचे नव्हे, माझे.

करी रोडहून दादर, दादरहून पहाटेची कर्जत. खिडकी मिळाली. बाबांनी दिव्यापर्यंत पेपर वाचला, मग घडी करून मांडीखाली ठेवला आणि बदलापूर गेल्यावर बाहेर बघायला लागले. वांगणीच्या पुढे सावर फुललेली, पान एक नाही, नुसती लालभडक. "तेव्हा ही झाडं अशीच होती," म्हणाले. मग लगेच, "तेव्हा बघितली नव्हती. पत्ते खेळत होतो."

नेरळला टॅक्सीवाल्याने सातवा प्रवासी बसवायचा प्रयत्न केला, तो बाबांनी जुन्या युनियनच्या आवाजात हाणून पाडला. दस्तुरीला साडेसातला. हवा चक्क गार. प्रवेश कर भरला. शटलला वेळ होता, ई-रिक्षाला रांग. एक जण हातरिक्षा घेऊन आला, "बसा आजोबा." बाबांनी नमस्कार केला आणि चालायला लागले. मी मागून, "अहो बाबा, गुडघे!" तर म्हणाले, "माणसाने माणसाला ओढायचं आणि मी वर बसायचं, हे गुडघ्यांना सोसेल, मला नाही." अडीच किलोमीटर, दर दोनशे पावलांवर थांबत. पाऊण तासाच्या जागी दीड तास लागला. पण आता वाटतं, शटल मिळाली असती तर वाट बघितलीच गेली नसती. नेरळच्या_भाच्या, मुळं खरंच हातभर उघडी आहेत. एका जांभळीच्या मुळांवर बाबा खुर्चीत बसावं तसे बसले होते.

चालताना बाबांनी अचानक विचारलं, "भाई कोतवाल माहितीये?" नाव माहीत होतं, पुढचं नाही. ते इथलेच, जन्म १९१२, माथेरानचा. बेचाळीसच्या चळवळीत डोंगरातून येणाऱ्या विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात गोळीबारात गेले. "आमच्या गिरण्यांना जी वीज यायची ना, ती तोडलेली त्यांनी. जुने कामगार सांगायचे." एकोणऐंशीच्या सहलीत हे कुणी सांगितलं नव्हतं का, विचारलं. "सांगितलं असेल. पत्ते."

बाजारात पोहे-चहा. तिथून शार्लोटच्या वाटेला लागेपर्यंत दहा वाजत आले होते. कुटूरगांचं वेळापत्रक कोसळलं होतं आणि माझा चेहराही. वाटेवर हॉर्न नाही, इंजिन नाही, हे पंधरा मिनिटांनी कानाला कळलं. आधी वाटत होतं काहीतरी बिघडलंय. आपण मुंबईकर किती आवाज पांघरून झोपतो!

अंजनी फुलली होती. आज्जी, तुम्ही म्हणालात तशीच बुंदी. भर गर्दीच्या वाटेवर होती, वीसेक माणसं तिच्याखालून गेली असतील, एकानेही मान वर केली नाही. मीही केली नसती. एक मोठं निळं-काळं फुलपाखरू तिच्याभोवती घिरट्या घालत होतं. ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू. एवढं एकच मी स्वतः ओळखलं.

तलावाच्या अलीकडे, वाटेपासून जरा आत, बाबा एका दगडावर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये इको, लुईझा. मी आहे." मी गेले. हो, गेले पॉइंट बघायला, हसा. लुईझावरून प्रबळगड छान दिसतो, धुरकट होता. कड्यावर तीस माणसं, त्यांतली पंचवीस कड्याकडे पाठ करून उभी, फोटोसाठी. एक माकड एका काकूंच्या पर्सची चेन व्यवस्थित उघडत होतं, आपल्यापेक्षा नीट.

इथे माझं चुकलं. भूक लागली म्हणून मी डब्यातला चिवडा कागदाच्या पुडीत काढला, खिशात ठेवला, परत येताना चार घास खाल्ले. पुढचं सांगायला नको. पाठीमागून धप्प, खांद्यावर वजन, पुडी गेली. ओरडलेसुद्धा नाही, आवाजच फुटला नाही. ते समोरच्या फांदीवर बसून शेंगदाणे वेचून खात होतं, पोहे खाली टाकत होतं.

बाबांकडे परतले तर बाबा जागचे हललेले नाहीत. हात मांडीवर, मान वर. मला बघून त्यांनी बोट ओठावर ठेवलं नाही, नुसते डोळे वर नेले.

होतं. दोन झाडांपलीकडे. पाठ तांबूस-चॉकलेटी, पोट पिवळट पांढरं, शेपटी अंगाहून लांब आणि टोकाला फिक्की. मागच्या पायांवर लटकून उलटं काहीतरी खात होतं, साल सोलून खाली टाकत होतं. बाबांनी नंतर सांगितलं की पहिला अर्धा तास काहीच नाही. मग समोरच्या पाचोळ्यात एक नारिंगी पक्षी येऊन पानं उलटायला लागला. मग वानरांचं एक कुटुंब वरून गेलं. मग डोक्यावर काहीतरी पडलं, सालीचा तुकडा. वर पाहिलं तर हे. तो खडखडाट त्यांनी ऐकलाच नाही, गिरणीने कान घेतलेत त्यांचे, साच्यांच्या आवाजात तीस वर्षं. शेकराने सालच फेकून मारली म्हणून दिसलं.

मी आल्यावर दहा मिनिटं होतं. मग उडी. मला वाटलं होतं उडी म्हणजे झेप, चपळ वगैरे. तसं नाही. चारही पाय पसरून, शेपटी मागे सोडून, जरा जडच. पलीकडची फांदी कमरेपर्यंत वाकली. आणि मग गेलंच.

फोटो नाही. मोबाइल काढायचं सुचलं नाही, हे खरं कारण. बाबांना विचारलं, तेच का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "तेव्हाचं एवढं मोठं होतं," असं म्हणून हात पसरले. मग हात थोडे जवळ आणले.

परतीला शटल मिळाली. खाली उतरताना नेरळच्या घाटात मी डोळे मिटून घेतले, बाबांनी नाही.

शेलू_लोकल
काय लिहिलंय! पुढील लेखनास शुभेच्छा. पत्त्यांवरून फार हसलो आणि मग हसू थांबलं.

मुलुंडची_आज्जी
बाबांना माझा नमस्कार सांग. आमच्या घरचेही साच्यावरचेच होते. टीव्हीचा आवाज तिसऱ्या घरी जायचा.

कुटूरगा
शेकरू दहानंतर इतका वेळ दिसलं, नशीबवान आहात. माझं वेळापत्रक मी मागे घेतो. पाचोळ्यातला तो नारिंगी डोक्याचा कस्तुरच. त्याला मी चार चकरांत एकदा पाहिलाय, चालत राहतो म्हणून. खाली टाकलेली साल कसली होती, काही अंदाज? पानांचा वास, आकार?

लालबागची_लेक
एक तुकडा बाबांच्या शर्टाच्या खिशात निघाला. 😀 जाड, आतून पिवळसर, चुरगळल्यावर आंब्याच्या सालीसारखा थोडा वास. पान नव्हतं.

कुटूरगा
फोटो टाका. वासावरून कैरीची साल असावी, पण खात्रीने नाही सांगत.

घाटमाथा
छान झाली सहल. घरटं दिसलं का? मी पुढच्या रविवारी मोठी लेन्स घेऊन जातोय. नेमकी जागा सांगाल? देवळापासून किती पावलं?

लालबागची_लेक
घरटी दोन दिसली. जागेचं बाबांना विचारते, दगड त्यांचा आहे.

लालबागची_लेक
विचारलं. "नाही सांगायचं," म्हणाले. जेवताना परत विषय काढला, "लेन्सवाला म्हणजे किती माणसं घेऊन येणार?" मी म्हटलं, माहीत नाही. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "जूनमधे तो शीळवाला पक्षी ऐकायला जाऊ तेव्हा सोबत येऊ दे त्याला. मी दाखवीन." शीळ त्यांना ऐकू येईल का, हे मी विचारलं नाही. तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोठा पाऊस लागायच्या आत, कोण कोण?

घाटमाथा
मी. बाबा सांगतील तसं. लेन्स घरी ठेवतो हवं तर.

कुटूरगा
मी आहेच. कस्तुर पहाटे बोलतो, त्यामुळे आदल्या रात्री नेरळला मुक्काम करावा लागेल.

नेरळचा_भाचा
मुक्काम आमच्याकडे. दोन्ही मामांना बोलावतो, तुमच्यासमोर तरी एका ताटावर बसतील.

मुलुंडची_आज्जी
मीपण. चिवडा मी आणते. स्टीलच्या डब्यात, फिरकीच्या झाकणाच्या.